होम व्हिजिटला येणारा माणूस तुमच्या घरात काय बघतो

माझा धंदा ग्रिलचा. पुण्यात धायरीला फॅब्रिकेशनची शेड आहे. सोमवार ते शनिवार लोकांच्या खिडक्या, जिने आणि गेटं यांची मापं घेत फिरतो. रविवारी तीच टेप खिशात घालून कुत्रं दत्तक मागणाऱ्यांच्या घरी जातो. रस्त्यावरून उचललेली, औषधपाणी करून बरी केलेली देशी कुत्री आमच्या ओळखीतल्या चार-पाच जणी आपापल्या घरी फॉस्टर करतात, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळतात, माझी बायको त्यांतली एक. कुत्रं नव्या घरी धाडायच्या आधी कुणीतरी ते घर बघून यावं लागतं. ते काम माझ्याकडे आलं आणि गेली नऊ वर्षं माझ्याकडेच आहे.

'रविवारी होम व्हिजिटला येतो' म्हटलं की फोनवर समोरच्याचा आवाज बदलतो. मुलगी बघायला पाहुणे येणार असल्यासारखी तयारी सुरू होते. पडदे धुतले जातात, सोफ्यावरची कव्हरं बदलतात, पोहे होतात. माझी पहिली विनंती हीच, की घर आवरू नका. चपला रोज जिथे पडतात तिथेच पडू द्या, गॅलरीतली कुंडी जिथे असते तिथेच राहू द्या, दार रोज जेवढा वेळ उघडं असतं तेवढंच उघडं ठेवा. कुत्रं तुमच्या रोजच्या घरात राहणार आहे, तेव्हा मलाही तेच घर बघू द्या. घर लहान की मोठं, भाड्याचं की मालकीचं, फरशी कोणती, याच्याशी मला देणंघेणं नाही. वन रूम किचनमध्ये सुखात राहिलेली कुत्री मी पाहिली आहेत आणि बंगल्याच्या मागच्या अंगाला साखळीवर आयुष्य काढणारीही.

मी बघतो वाटा. या घरातून कुत्रं बाहेर कुठून निसटेल, हे पहिलं. आणि या घरातल्या माणसांना ते सोडून द्यावंसं कधी वाटेल, हे दुसरं.

पहिल्याचं महत्त्व मला एका कुत्रीने शिकवलं. तिला आम्ही तांबडी म्हणायचो. दोनेक वर्षांची, नऱ्ह्याच्या रस्त्यावर गाडीखाली पाय सापडलेली. पाय बरा झाला आणि तिच्यासाठी वारज्यातून फोन आला. बंगला, पुढे अंगण, घरची माणसं इतकी प्रेमळ की मी चहा घेतला, गप्पा मारल्या आणि हो म्हणून आलो. गेटकडे नीट पाहिलंच नाही. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून अंगणाला उतार दिलेला होता. त्यामुळे गेटखाली एका टोकाला तीन इंच फट होती, तर दुसऱ्या टोकाला सात. गेटं बनवणाऱ्या माणसाला हे दिसायला हवं होतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी रस्त्यावरून वरात गेली, फटाके वाजले आणि तांबडी त्या सात इंचांतून गेली.

अकरा दिवस आम्ही तिला शोधत होतो. घरची मंडळी, माझी बायको आणि मी पहाटे नि रात्री निघायचो, कारण भेदरलेलं कुत्रं दिवसा दडून बसतं आणि सामसूम झाल्यावरच बाहेर पडतं. शेवटी ती हिंगण्याजवळ कालव्याच्या कडेला सापडली. माझ्या हाकेला आली नाही. बायकोचा आवाज ऐकून सरपटत पुढे आली. त्यानंतर आजवर मी एकाही घरी टेपशिवाय गेलेलो नाही. तुम्हीही मी यायच्या आधी टेप घेऊन घरभर फिरा, कारण जे मी बघणार ते तुम्ही आधीच बघितलेलं असेल तर भेट अर्ध्या तासात आटपते.

गेटापासून सुरुवात करा. गेटखालची फट दोन्ही टोकांना मोजा, मधे मोजून उपयोग नाही. ज्या फटीतून डोकं जातं, तिच्यातून देशी कुत्रं अंग चोरून पार होतं. मोठ्या कुत्र्यासाठी चार इंचांवरची फट मी बंद करायला सांगतो आणि पिल्लासाठी दोन इंचांवरची. खर्च फार नसतो, खालून एक फ्लॅट पट्टी वेल्ड करून घेतली की झालं. भाड्याचं घर असेल आणि मालक वेल्डिंग करू देत नसेल तर वेल्डमेशचा, म्हणजे वेल्ड केलेल्या लोखंडी जाळीचा, तुकडा तारेने घट्ट बांधा. गेटाच्या दोन उभ्या सळ्यांमधलं अंतरही बघा. आमच्या धंद्यात सर्रास चार-पाच इंच अंतर सोडतात. माणसाला ते ठीक, पण दीड-दोन महिन्यांचं पिल्लू त्यातून सहज जातं.

कंपाउंडची भिंत चार फुटांची असेल तर ती नाहीच असं समजा. देशी कुत्रं एकदा मनावर घेतलं की अशी भिंत सहज चढून जातं. म्हणून भिंतीला टेकून ठेवलेल्या विटा, टाकी, जुनं कपाट आधी हलवा. बंगलेवाल्यांना मी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पहिले दोन-तीन महिने तुमचं अंगण कितीही बंदिस्त असलं तरी कुत्र्याला पट्टा बांधूनच तिथे न्यायचं.

फ्लॅटमध्ये धोका गॅलरीत असतो. बहुतेक घरांत कबुतरांसाठी नायलॉनची जाळी लावलेली असते आणि लोक मला ती अभिमानाने दाखवतात. ती कबुतरासाठी ठीक आहे. कुत्रं दातांनी ती पाच मिनिटांत कुरतडतं आणि वीस किलोचं कुत्रं अंगावर रेललं तर तिचे हूक भिंतीतून सुटतात. रेलिंगच्या आतल्या बाजूने, खालपासून निदान साडेतीन-चार फुटांपर्यंत लोखंडी वेल्डमेश लावा. मग रेलिंगला लागून पायरीसारखं काय काय आहे ते बघा. वॉशिंग मशीन, तुळशीची मोठी कुंडी, एसीचं बाहेरचं युनिट, रद्दीचा गठ्ठा. एका घरात स्टुलावर ठेवलेला कुलर होता. त्या कुलरवरून रेलिंग फक्त दीड फूट उंच राहत होतं. स्टूल तिथून हलवल्यावरच मी पुढचा विषय काढला. खिडकीला नुसती डासांची जाळी असेल तर ती भिंत समजू नका, ढकलली की निघते.

आता मुख्य दार. कुत्री निसटतात ती बहुतेक वेळा इथूनच. दूधवाला, कुरिअर, इस्त्रीवाला, कचरेवाली ताई. बेल वाजते, तुम्ही अर्धं दार उघडून हात पुढे करता आणि तुमच्या पायांमधून कुत्रं जिन्यात जातं. बाहेरून जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर फारच उत्तम, पण त्याची कडी खरंच लागते का ते बघा. कितीतरी घरांत दार जरा उतरलेलं असतं आणि अल्ड्रॉप (सरकवायची कडी) भोकात बसतच नाही. बिजागरीचे स्क्रू आवळले की काम होतं. सेफ्टी डोअर नसेल तर पॅसेजमध्ये लहान मुलांसाठी मिळतं तसं आडवं फाटक लावा. दोन दारांपैकी एक कायम बंद, हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही. मावशींना कुत्र्याची भीती वाटते का, हे त्यांना आधी विचारा. त्या रोज येतात, त्यांना न विचारता ठरवणं बरोबर नाही.

पट्टा, हार्नेस (छातीभोवती घालतात ते) आणि गळ्यातला बिल्ला या तीन वस्तू कुत्रं यायच्या आधी घरात हव्यात. बिल्ल्यावर कुत्र्याचं नाव नसलं तरी चालेल, पण तुमचा फोन नंबर हवा. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून मान काढून घेतं, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत दोन पट्टे लावा, एक गळ्यातल्या कॉलरला आणि एक हार्नेसला. पट्टा घराच्या आतच बांधायचा आणि मग दार उघडायचं.

आत आल्यावर मी विचारतो, हे झोपणार कुठे? या प्रश्नाची तयारी करू नका, खरं सांगा. 'गॅलरीत', 'पार्किंगमध्ये', 'गच्चीवर पत्र्याची खोली आहे ना' ही उत्तरं आली तर मी नाही म्हणतो. राखण करायला कुत्रं हवं असणाऱ्यांनाही नाही म्हणतो. कुत्र्याला माणसांजवळ, पण वर्दळीपासून जरा बाजूला असा एक कोपरा लागतो. एखाद्या टेबलाखाली जुनी सतरंजी, जवळ पाण्याचं भांडं, एवढं बस. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर रस्त्यावरच्या कुत्र्याचे पाय घसरतात आणि ते बिचारं जागचं हलत नाही. चालायच्या वाटेवर दोन-तीन पायपुसणी किंवा रबरी मॅट टाकल्या तर पहिल्याच दिवशी फरक दिसतो.

विषारी वस्तूंकडे मी फक्त नजर टाकतो, पण तुम्ही नीट शोधा. उंदरांचं औषध, कपाटातल्या डांबरगोळ्या, फिनेलची बाटली, डास मारायचं लिक्विड, उशाशी ठेवलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या. खाण्यात चॉकलेट, द्राक्षं, मनुका-बेदाणे, कांदा, लसूण आणि शुगर-फ्री च्युइंगम वगैरेंत साखरेऐवजी असणारं झायलिटॉल. म्हणजे आपल्या ताटातली उरलेली भाजी-आमटीही द्यायची नाही, कारण ती फोडणीच्या कांदा-लसणासकट असते. कुंड्यांमध्ये कण्हेर, बिट्टी, सायकस आणि डिफेनबाखिया असतील तर त्या उंचावर ठेवा किंवा कुणाला तरी देऊन टाका.

इथवरचं सगळं पैशाने आणि स्क्रू-ड्रायव्हरने होतं. पुढचं तसं होत नाही.

मी येईन तेव्हा घरातली सगळी माणसं घरी असू द्या. नवरा ऑफिसला, सासूबाई देवळात आणि एकटी सून मला घर दाखवते आहे असं असलं तर मी पुन्हा येतो. सगळे बोलत असताना जो गप्प बसलेला असतो त्याच्याशी मला बोलायचं असतं. कर्वेनगरच्या एका घरात आजी अशाच कोपऱ्यात बसून होत्या. मुलगा म्हणाला, 'आईचं काही नाही हो, होईल सवय.' मी आजींना विचारलं. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर घेऊन चालायच्या, आणि उड्या मारणारं पिल्लू पायात आलं तर आपण पुन्हा पडू, ही त्यांची भीती होती. भीती अगदी रास्त होती. त्या घराला हवं होतं तीन महिन्यांचं पिल्लू. आम्ही त्यांना सात वर्षांची एक शांत कुत्री दाखवली, जी दिवसाचे अठरा तास झोपते आणि चालताना पट्टा ओढत नाही. तीच आज त्यांच्याकडे आहे. आजींना कुणी विचारलं नसतं तर पिल्लू महिन्याभरात आमच्याकडे परत आलं असतं आणि दोष पिल्लाच्या माथी बसला असता.

म्हणून मी यायच्या आधी एका संध्याकाळी टीव्ही बंद करून एकत्र बसा. सकाळी सहाला कोण फिरवणार आणि पावसाळ्यात कोण? घरात शी-शू झाली तर पुसणार कोण? गणपतीत सगळे कोकणात जाता, तेव्हा हे कुठे राहील? बदली झाली, बाळ झालं, मुलगा शिकायला परगावी गेला तर? मुलाने हट्ट धरला म्हणून कुत्रं आणत असाल तर हे पक्कं समजा की ते मुलाचं नाही, तुमचं आहे. ते बारा-चौदा वर्षं जगेल, मुलगा तोवर घरात नसेल. खर्चही लिहून काढा. रोजचं खाणं, दर वर्षाची लस, जंतांचं औषध, गोचिडांवरचं औषध, आणि अचानक आलेलं एखादं मोठं आजारपण. गोचीड ताप आपल्याकडे नेहमीचा आहे आणि त्यात रक्ततपासण्या, सलाईन यांचा खर्च एकदम येतो. तो झेपेल का, याचं उत्तर मला नाही, एकमेकांना द्या.

कागदांचं थोडक्यात. ओळखपत्र आणि लाइट बिल तयार ठेवा. भाड्याने राहत असाल तर घरमालकाची लेखी परवानगी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेजही मला चालतो, पण 'ते काही म्हणणार नाहीत' हे चालत नाही. परत येणाऱ्या कुत्र्यांमध्ये मालकाने हरकत घेतली हे कारण मी फार ऐकलं आहे. सोसायटीचा प्रश्न वेगळा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की सोसायटीला बहुमताच्या ठरावानेसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरायलाही मनाई करता येत नाही. पण तो कागद दाखवायची वेळ येण्याआधी सेक्रेटरींना आणि वॉचमनकाकांना भेटून सांगून ठेवा. कुत्रं हरवलं तर सगळ्यात आधी उपयोगी पडतो तो वॉचमन. महापालिकेचा परवाना काढावा लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा लसीचं कार्ड आमच्याकडून मागून घ्या.

आम्ही एका करारावर सही घेतो. त्यात पिल्लू वयात आलं की नसबंदी करायची आणि काही कारणाने सांभाळणं जमलं नाही तर कुत्रं परस्पर कुणाला न देता आमच्याकडेच परत करायचं, ही दोन कलमं मुख्य. रस्त्यावर सोडायचं तर नाहीच. २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात आदेश दिला, त्यातही हेच म्हटलं आहे की दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची. मोठं कुत्रं घेत असाल आणि त्याच्या कानाला छोटा छेद दिसला तर घाबरू नका. रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी झाली की ओळखू यावं म्हणून ती खूण करतात.

एक गोष्ट लोक हमखास लपवतात. आधीचं कुत्रं कसं गेलं? गाडीखाली आलं, हरवलं, कुणाला तरी देऊन टाकलं. हे सांगायची लाज वाटते, हे मला समजतं. पण आधीचं कुत्रं हरवलं होतं असं सांगणाऱ्याला मी नाही म्हणत नाही. त्यानंतर काय बदललं एवढंच विचारतो. आणि घरात पूर्वी एखादं पिल्लू पार्व्होने, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या त्या संसर्गाने, दगावलं असेल तर ते सांगायलाच हवं. पार्व्होचा विषाणू फरशीवर, मातीत, अंथरुणात महिनोन् महिने टिकतो आणि साध्या फिनेलने मरत नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं करून दहा मिनिटं ओलं ठेवून पुसावं लागतं, जुनी सतरंजी-भांडी टाकून द्यावी लागतात, आणि अंगणातली माती तर पुसताही येत नाही. अशा घराला आम्ही पूर्ण लसीकरण झालेलं मोठं कुत्रं देतो. एका घराने हे सांगितलं नाही. पिल्लू नवव्या दिवशी गेलं. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं, त्यांना वाटलं होतं की वर्षभरापूर्वीची गोष्ट, आता काय होतंय.

घरात आधीच एखादं कुत्रं असेल तर त्याचं लसीकरणाचं कार्ड काढून ठेवा. दोघांची पहिली भेट घरात घडवू नका. रस्त्यावर, दोघांनाही पट्टा बांधून, दहा-पंधरा पावलं अंतर ठेवून बरोबरीने चालवत न्या, मग घरात शिरा.

भेटीच्या वेळी तुम्हीही मला विचारा. ते कुठे सापडलं, कशाला घाबरतं, पुरुषांना घाबरतं का, मांजरासोबत राहिलंय का, गाडीत बसतं का, काय खातं. जो काहीच विचारत नाही त्याची मला जास्त काळजी वाटते. मी बाहेरगावी असलो तर भेट व्हिडिओ कॉलवर होते. तेव्हा फोन हॉलमध्ये फिरवू नका, खाली घेऊन जा. गेटखालची फट, जिना, गॅलरी रेलिंगच्या बाहेरून, हे दाखवा. शक्य असेल तर फोन जमिनीपासून हातभर उंचीवर धरून चाला, कुत्र्याला घर तसं दिसणार आहे.

मी नाही म्हटलं तर कारण विचारून घ्या. बऱ्याचदा ते 'आत्ता नाही' किंवा 'हे कुत्रं नाही' एवढंच असतं. दिवसाचे दहा तास घर बंद राहणाऱ्या जोडप्याला मी पिल्लू दिलं नाही. वर्षभराने एकाचं काम घरून सुरू झालं, तेव्हा त्यांनी पुन्हा फोन केला आणि आता त्यांच्याकडे कुत्रं आहे.

हो झालं की मग घाई नको. शनिवारी आणायचं ठरवा, म्हणजे पहिले दोन दिवस कुणीतरी घरी असेल. ते लगेच अंगाशी येणार नाही, कदाचित खाणारही नाही. आम्ही साधारण असं सांगतो की तीन दिवस भेदरलेलं, तीन आठवड्यांत घराची शिस्त कळू लागते आणि तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. काहींना त्याहून जास्त लागतात. पाहुण्यांना दाखवायला बोलावू नका, आंघोळ घालू नका, उचलून मांडीवर घेऊ नका.

तांबडी त्याच वारज्याच्या घरी परत गेली. सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वेल्डिंगचं मशीन घेऊन गेलो आणि गेटखाली उताराच्या मापाने तिरकी कापलेली पट्टी बसवली. तेव्हापासून कुत्रं ज्या घरी जातं तिथे मी आठव्या दिवशी पुन्हा चक्कर मारतो. त्या दिवशी चहा-पोहे राहू द्या. मला कुत्रं कुठे झोपलंय ते लांबून दाखवा, आणि गेटखालची पट्टी एकदा हलवून बघू द्या.